वहिनीनं झोपून निवडलेला मचवा

वहिनी, आज तुझं बारावं. सकाळपासून ओटीवर माणसांची रीघ लागलीय आणि येईल तो आधी 'बिचारी' म्हणतो. "बिचारी, दुसऱ्यांची बाळंतपणं काढता काढता गेली." "बिचारीच्या पोटी काय नव्हतं." बिचारी? तू? खाडीच्या दोन्ही काठांवरची माणसं जिला बघून विडी लपवायची, ती बिचारी? चौथ्या माणसाला मी तोंडावर सांगितलं, "काका, चहा घ्या आणि गप बसा." दादा कोपऱ्यात बसलेला. मला वाटलं, आता बायकोच्या बाराव्याला भावाची खरडपट्टी काढतो. पण तो नुसता म्हणाला, "गणू, तू मागच्या दारी जाऊन बस."

म्हणून मागच्या दारी बसलोय आणि लिहितोय. चौथी पास माणूस काय लिहिणार! पण ती चौथीही तूच करवलीस. मी सहा वर्षांचा, माझी आई गेलेली, तेव्हा तू लग्न होऊन या घरात आलीस आणि पहिल्याच महिन्यात माझा कान धरून मला शाळेत नेऊन बसवलंस. तेव्हा इथं काही चुकलंमाकलं तर ते तुझ्या नावावर. मला एकदा कुणाला तरी नीट सांगायचंय की तू काय केलंस. ओटीवरच्या लोकांना सांगायला गेलो तर भांडण होईल, म्हणून तुलाच सांगतो.

स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या बायकोचं, मथुराचं पहिलं बाळंतपण होतं. मूल आडवं होतं. तुझ्या हाताला कळलं, आणि तू एवढी नावाजलेली सुईण, तरी लगेच म्हणालीस, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाय. कल्याणला डॉक्टरीणबाईंकडं न्यायला पायजे." आपला काठ डोंबिवलीच्या समोरचा, इथून ना धड रस्ता, ना पूल. शेजाऱ्याची मासे मारायची होडी मागून आणली. लहानशी, आत आडव्या फळ्या, मथुराला पाय पसरायलाही जागा नाही. मी नि दादा वल्ही मारत होतो, जीव खाऊन मारत होतो, आणि प्रत्येक हिसक्याला ती ओरडत होती. कल्याणला पोचलो. मथुरा वाचली. मुलगा नाही वाचला.

परतताना मी एकच धोशा लावलेला, वेगाची होडी असती तर, वेगाची होडी असती तर. तू म्हणालीस, "वेग नाय रे. हिसके. तिला सरळ झोपता आलं असतं तर." आपलं भांडण तिथं सुरू झालं आणि तू जाईपर्यंत मिटलं नाही.

पंधरा दिवसांत तू दादाला सांगितलंस, मचवा घ्यायचा. शिडाचा, जुना असला तरी चालेल. एरवी गवत आणि भाजी घेऊन बाजाराला जाईल, पण आसपासच्या कुठल्याही गावात बाई अडली की सगळं उतरवून तिला नेईल. भरती असली तर कल्याणला, ओहोटी असली तर ठाण्याला. पाणी जिकडं चाललंय तिकडं. हे मला, खाडीत जन्मलेल्या माणसाला, कधी सुचलं नव्हतं. दादा मिठागरातला माणूस, त्याचं बोलणं मोजकं. तो म्हणाला, "घेऊ." पैशाचं काय ते तुम्ही दोघांनी बघितलं, मला त्यात घेतलं नाहीत.

मचवा बघायला मात्र मला नेलंस, कारण घरात तांडेल मी. लोकांच्या मचव्यांचं सुकाणू माझ्या हातात असायचं. माझ्या डोक्यात एकच, मचवा पळाला पाहिजे. आणि तू निघताना काखेत काय घेतलंस? पितळी तांब्या. मला वाटलं, वाटेत तहान लागेल म्हणून.

पहिला बघितला तो कल्याणच्या बंदरात, दुर्गाडी किल्ल्याच्या खाली. चांगला ऐसपैस पडाव, माल वाहायचा, मधे तट्ट्याची खोपटी, आत चार माणसं हातपाय ताणून झोपतील. मालक म्हणाला, फेरी मारून बघा. शीड चढलं तशी तू खोपटीत गेलीस, उताणी झोपलीस, काठोकाठ भरलेला तांब्या पोटावर ठेवलास आणि म्हणालीस, "चालव."

मालकाचा आ वासलेला तसाच. मी लाजेनं मेलो. "वहिनी, ऊठ ना, लोक बघतायत."

"बघू दे. बाई अशीच झोपणार ना? मग मी उभ्यानं काय बघू?"

पाण्याचा थेंब सांडला नाही. पण तो पडाव चालतच नव्हता गं. काठावरनं एक म्हातारी काठी टेकत चाललेली, ती आपल्या पुढं निघून गेली. मी म्हटलं, "यातनं नेलं तर बाळ वाटेतच रांगायला लागंल." तू झोपल्या झोपल्या एवढी हसलीस की तेव्हा कुठं थोडं पाणी सांडलं. उरलेलं पिऊन टाकलंस आणि म्हणालीस, "हा नको." तुला ती खोपटी मनापासून आवडलेली, मला दिसत होतं, तरी हट्ट धरला नाहीस. हा गुण माझ्यात असता तर पुढचं टळलं असतं.

पुढचं म्हणजे कोलशेतचा मचवा. काय मचवा होता तो! अंगानं सडपातळ, टोक उंच, वारा लागला की सुळकन निघायचा. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलेलो, खाडीला उधाण, जिकडं बघावं तिकडं पाणीच पाणी. मी सुकाणूवर बसलो आणि जग विसरलो. मागं फेसाची रेघ, कानात वारा, आणि मी ओरडतोय, "वहिनी, बघ! अगं, बघ तरी!" तेवढ्यात आतनं खणकन आवाज. तांब्या गडगडत माझ्या पायापाशी आला. मागनं तू, चिंब भिजलेली, पदर पिळत. म्हणालीस, "नको."

मी चवताळलो. "पाणी सांडलं म्हणून नको? बाईला वेळेवर पोचायचंय का पोटावर तांब्या धरून बसायचंय?" मालक आणि त्याचे दोन गडी हसायला लागले. ते हसले म्हणून मला आणखी चेव चढला आणि मी बोलून गेलो, "तुला काय कळणार त्यातलं? तुला कुठं मूल झालंय?"

तू माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. तू पदर झटकलास आणि एवढंच विचारलंस, "आज उधाण हाय. भांगाच्या दिवशी हा आपल्या काठाला लागंल?"

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मरतुकडी भरती. पाणी आल्यासारखं करतं आणि परत जातं, आणि आपल्या गावापुढं तर चिखलाचा उंचवटा. त्या देखण्या मचव्याचा तळ होता खोल. भांगाला तो गावाबाहेरच रुतून बसला असता, आणि बाई काठावर कळा देत बसली असती. मी तांडेल असून मला हे दिसलं नाही. उधाणाला मचवा बघायला जाणं ही आमच्या लोकांची जुनी खोड, माझ्या बापानंही तेच करून एकदा हात पोळून घेतलेले. भरल्या पाण्यात सगळेच मचवे गोजिरे दिसतात. "बाळ काय पुनव-आवस बघून येतं?" तू म्हणालीस आणि काठावर उतरून चालायला लागलीस.

त्या शब्दांची मी माफी मागितली नाही. दोनदा तोंड उघडलेलं. एकदा आपण दोघं मचव्याला तेल चोपडत होतो, मी "वहिनी, ते कोलशेतला" एवढंच म्हटलं, तर तू म्हणालीस, "तिथं फट राहिली बघ, कापूस भर." दुसऱ्यांदा तुझ्या या तापात. तू डोळे मिटून घेतलेस. झोपलीस का सोंग केलंस, देवाला ठाऊक. आज मागतो. चुकलो मी, वहिनी. नुसतं वाईट बोललो असं नाही, धडधडीत खोटं बोललो. मला काय खाडीनं वाढवलं?

तिसरा मचवा आपण मुद्दाम भांगाच्या दिवशी बघितला. डोंबिवलीकडच्या काठावर एका म्हाताऱ्या तांडेलाचा होता. मधे रुंद, पुढं निमुळता, तळ बेताचा. शीड म्हणजे ठिगळांची गोधडी. ओहोटीला तो चिखलात टेकलेला असताना मी खाली शिरलो आणि सुरीचं टोक एकेका फळीत खुपसून बघितलं. दोन फळ्या किड्यानं पोखरलेल्या, त्या बदलाव्या लागणार होत्या. बाकी सागवान खणखणीत. मग पाणी चढल्यावर फेरी. तू आत झोपलीस, तांब्या पोटावर. या वेळी माझे डोळे पुढं होते पण कान मागं. काठाला आलो तेव्हा तू उठून तांब्यात डोकावलीस. अर्धा सांडलेला, अर्धा उरलेला.

"हाच," तू म्हणालीस. "अर्धं तुझं, अर्धं माझं."

म्हाताऱ्यानं आपल्याला त्याच्या ओटीवर बसवून विचारलं, मचवा कशाला पाहिजे. मी तुला वाटेत चारदा बजावलेलं, गवत वाहायला असं सांग. मचव्यावर चप्पल घालून चढू न देणारी माणसं आपण. नारळी पुनवेला त्याला हळदकुंकू लावतो, देवीच मानतो. त्यात अडलेली बाई, तिचं रक्त, तिचा विटाळ, कोण चालवून घेणार? आणि तू सरळ सांगितलंस, "बाळंतपणाच्या बायका न्यायला."

म्हातारा ताडकन उठला. "बाय, मी मचवा चिखलात कुजवीन. पण हे नाय."

"तू त्याला आई म्हणतोस ना?"

"म्हणतो. माझा बापपण म्हणायचा."

"मग आईला कसला विटाळ? पोर कसं होतं ते तिला ठाऊक नाय काय?"

त्यावर त्यानं आपल्याला हाकलूनच दिलं. परतीच्या वाटेवर मी किती बडबडलो तुला! दोन शब्द खोटं बोलली असतीस तर मचवा आज आपल्या दारात असता. तू म्हणालीस, "आणि बाईला चोरून बसवायची? चोरून नेलेली बाई घाबरते रे. घाबरली की जास्तच अडते."

आठव्या दिवशी तो म्हातारा स्वतः मचवा घेऊन आपल्या काठाला आला. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. त्याच्या म्हातारीनं त्या दिवशी दाराआडून सगळं ऐकलेलं आणि तेव्हापासून तिनं त्याला ताट वाढलं नव्हतं. "स्वतः रांधून खातोय," तो म्हणाला. "रोज भात करपतो. घ्या हा मचवा आणि सोडवा मला." जाताना त्यानं मचव्याच्या टोकाला हात लावून नमस्कार केला आणि तुला सांगितलं, "बाय, हिला धुऊनपुसून ठेव." तू ठेवलीस. प्रत्येक बाळंतिणीनंतर फळ्या तू स्वतः घासायचीस, मला हात लावू द्यायची नाहीस.

पहिली बसली ती मथुराच, दुसऱ्या खेपेला. भरती होती, वारा पाठीवर, आपण कल्याणला चाललेलो. दुर्गाडीच्या अलीकडच्या वळणावर वारा एकदम आडवा येतो आणि मचवा कुशीवर कलतो. तिथं आतनं तुझा आवाज आला, "गणू, शीड उतर!"

"पोचू दे की गं आधी!"

"उतर म्हणते ना! तिला लागतंय!"

उतरवलं. पण लगेच नाही. मुलगी झाली, धडधाकट, आणि परतताना आपण दोघं पुन्हा भांडलो. मी म्हणत होतो, पळवला म्हणून वेळेवर पोचलो. तू म्हणत होतीस, झोपून आली म्हणून नीट पोचली. मथुरा कंटाळून म्हणाली, "जन्म मी दिलाय, तुमी दोघं कशाला श्रेय खाताय?" त्यानंतर कल्याणच्या दर फेरीला तेच वळण, तीच हाक, आणि मी दोन श्वास उशीर करायचो म्हणजे करायचोच. तेवढे दोन श्वास माझे होते.

गाववाले काही त्या म्हातारीएवढे शहाणे नव्हते. 'विटाळशी होडी' नाव पडलं. आपल्या मचव्यात कोणी गवताची पेंढी चढवू देईना. मी रोज धुमसायचो, तू म्हणायचीस, "थांब." मग एके दिवशी भर दुपारी पाटलाचा गडी धापा टाकत आला, पाटलाची सून अडलीय. नाव ठेवणाऱ्यांत पाटील सगळ्यांत पुढं! मी म्हटलं, "पाटलाला म्हणावं, बैलगाडी जुंप पाण्यात." पंचविशी उलटलेल्या तांडेलाच्या पाठीत तू त्या गड्यादेखत धपाटा घातलास. "शीड चढव मुकाट्यानं." ओहोटी लागलेली, ठाण्याला नेलं, आणि सून नि नातू दोघं सुखरूप परत आले. दुसऱ्या दिवशी पाटलाचं गवत आपल्या मचव्यात. त्याच्यामागनं सगळ्या गावाचं. मी पाटलाला टोमणा मारायला तोंड उघडणार तोच तू माझ्याकडं बघितलंस, म्हणून तो टोमणा अजून माझ्यापाशी शिल्लक आहे. आज ओटीवर तोही आलाय, आणि खरं सांगतो, त्यानं एकट्यानं तुला बिचारी म्हटलं नाही. "अशी बाई खाडीला परत नाय," म्हणाला आणि डोळे पुसले. म्हणून तो टोमणा आता राहू दे.

तू चार दिवसांच्या तापात गेलीस. गावातल्या बायका आल्या, पलीकडच्या काठाच्या आल्या, आणि सगळ्यांचं एकच, हिला मचव्यातनं न्यायचं, खाडीला एक फेरी घालून. मलाही तेच पाहिजे होतं. पण तू दादाला आधीच सांगून ठेवलेलंस, "माझं मढं मचव्यात घालू नका. उद्या पोरी त्यात झोपायला घाबरतील." मरतानाही तुझं डोकं तिथंच! अभिमानानं छाती भरून आली आणि राग पण आला. खांद्यावरनंच नेलं तुला.

सरण रचून झालं. दादानं खांद्यावर मडकं घेतलं होतं. तेवढ्यात वरच्या पाड्यावरचा एक माणूस गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेला आला. त्याला तुझं काही माहीत नव्हतं. बायको सकाळपासून अडलीय, मूल पायाळू आहे म्हणतात, बाय कुठं आहे? मग त्यालाच समोरचं सरण दिसलं.

भरती लागलेली मला दिसत होती. पण जिनं वाढवलं तिला अग्नी देताना उठून जायचं? लोक जन्मभर बोलतील. मी दादाकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" दादा म्हणाला. "पाण्याकडं बघ."

मी पळालो. घरी मथुरा रडून डोळे सुजवून बसलेली. तू तिला हाताशी धरून सगळं शिकवलंस ते किती बरं केलंस. मी दारातनंच सांगितलं, ती पदर खोचत उठली. त्या माणसाला मी विचारलं, "आमी सुतकात हाओत. चालंल तुला?" तो म्हणाला, "बाय असती तर असलं इचारलं असतं काय?" आपली शिकवण वरच्या पाड्यापर्यंत गेलीय, वहिनी.

पाड्याच्या काठावरनं बाईला उचलून आत निजवली. मथुरा तिच्या उशाशी, नवरा पाणी उपसायला. वारा पाठीवर होता, मचवा निघाला. मागं वळून बघितलं तर आपल्या काठावर धूर चढत होता. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात शिडाची दोरी, हात जोडायला मोकळे नव्हते. रडायला आलं तेवढं रडून घेतलं, नाक बाहीला पुसलं.

वळण जवळ आलं. मी कान टवकारले, सवयच ती. आतनं बाई कण्हत होती, बाकी काही नाही. मथुराला वळण कुठं येतं ते कळत नाही, ती कशी हाक देणार? वारा आडवा व्हायच्या आधीच मी शीड खाली घेतलं, वहिनी. दोन श्वास नाही, अर्धा पण थांबलो नाही. मचवा कलला नाही. भरतीच्या पाण्यावर हळूहळू सरकत राहिला आणि आपण वेळेवर पोचलो. भांडण तू जिंकलीस. हे तुझ्या तोंडावर कबूल करायला मला कधी जमलं नसतं.

आईबाळ बरे आहेत. मुलगा झाला. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या, मथुराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं कोणी येतंय का बघितलं.

"आज तुमच्या वहिनी नाही आल्या?" त्यांनी विचारलं.

"तिनंच पाठवलंय," मी म्हणालो.